कातडे स्वस्त, जोडा महाग

माल दुर्मिळ झाला की भाव चढतो आणि माल मुबलक झाला की भाव उतरतो, हा बाजाराचा साधा नियम शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. परंतु कच्च्या कातड्याच्या आंतरराष्ट्रीय बाजारात गेल्या दहा-बारा वर्षांत जे घडले आहे, त्यापुढे हा नियम थिटा पडतो. कच्च्या कातड्याच्या निर्यातीत अमेरिकेचा क्रमांक जगात पहिला लागतो आणि तेथील भावाकडे पाहूनच इतर देशांतील व्यापारी आपले भाव ठरवितात. २०१४ साली शिकागोच्या बाजारात बैलाच्या भारी कातड्याला पौंडामागे एका डॉलरहून अधिक भाव मिळत होता. पुढील पाच-सहा वर्षांत हा भाव असा कोसळला की, २०१९ आणि २०२० साली हलक्या प्रतीच्या कातड्यांतून मीठ, मजुरी आणि वाहतूक यांचाही खर्च निघेना. तेव्हा तेथील कत्तलखान्यांनी लक्षावधी कातडी सरळ कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरून टाकली. १ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर आली. १९५१ नंतरचा हा नीचांक होता. गुरे घटली, त्या वर्षी गोमांसाचे भाव विक्रमी पातळीवर गेले. त्याच गुरांचे कातडे मात्र २०१४ च्या भावाच्या आसपासही पोहोचले नाही.

अमेरिका दूर आहे असे कोणी म्हणेल. मग शेजारच्या बांगलादेशाकडे पाहावे. तेथे वर्षभरातील कातड्याचा मोठा भाग बकरी ईदच्या दोन-तीन दिवसांत गोळा होतो आणि दरवर्षी सणापूर्वी सरकार त्याचा भाव जाहीर करते. २०१३ साली ढाक्यात मीठ लावलेल्या गाईच्या कातड्याला चौरस फुटास ८५ ते ९० टका भाव ठरला होता. २०२० साली तो ३५ ते ४० टक्यांवर आला. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑगस्टमध्ये, गिऱ्हाईकच न मिळाल्याने लोकांनी कातडी रस्त्यावर टाकली, कित्येकांनी जमिनीत पुरली. या कातड्यांचे पैसे तेथे परंपरेने मदरशांना आणि अनाथ मुलांना दिले जातात. कातड्याचा भाव पडल्याने कोणाच्या ताटातला घास गेला हे निराळे सांगावयास नको.

या घडामोडींशी आमच्या वाचकांचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते संबंध फार जवळचा आहे. म्हापशाच्या बाजारात टांगलेली कोल्हापुरी चप्पल ज्या हातांनी शिवली ते हात कोल्हापुरात, निपाणीत, अथणीत आहेत; आणि त्या हातांत पडणाऱ्या कातड्याचा भाव शिकागो, सांतोस आणि ग्वांगझू यांच्या वाऱ्यावर हेलकावत असतो. शिवाय आमची ही किनारपट्टी या व्यापाराला अपरिचित नाही. कातडे कमावण्यासाठी लागणारा सह्याद्रीतील हिरडा एके काळी येथल्याच बंदरांतून विलायतेस जात असे आणि लंडनच्या बाजारात हिरड्याची एक प्रत 'विंगोर्ला' या नावाने ओळखली जाई. ते नाव आमच्या वेंगुर्ल्याचे. कच्चा माल येथून जावा, त्याला नाव आमचे मिळावे आणि नफा मात्र दुसऱ्याचा व्हावा, हा अनुभव आमच्या किनाऱ्याला नवा नाही.

कातड्याचा भाव असा विपरीत का वागतो, याचे उत्तर ॲल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० सालीच देऊन ठेवले आहे. गहू आणि काड, मांस आणि कातडे हे पदार्थ एकाच उगमातून जोडीने निघतात. एकाचे उत्पादन केले की दुसरे आपोआप होते. कातड्यासाठी कोणी गुरे पाळीत नाही. गुरे पाळली जातात ती दुधासाठी, मांसासाठी, नांगरासाठी. म्हणून कातड्याला मागणी वाढली तरी गुरे वाढत नाहीत आणि मागणी आटली तरी कातडे निघावयाचे थांबत नाही. भाताचा भाव पडला तर शेतकरी पुढल्या हंगामात दुसरे पीक घेऊ शकतो. कातड्याच्या बाबतीत तशी सोय नाही. त्याचा पुरवठा ठरतो मांसाच्या दुकानात आणि त्याची मागणी ठरते जोड्याच्या दुकानात. या दोन दुकानांची गाठ कधी पडत नाही. मधल्या मध्ये भाव दोलायमान होतो.

आता मागणीकडे पाहू. कृत्रिम कातड्याची धास्ती नवी नाही. अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीने १९६० नंतरच्या दशकात 'कोरफाम' नावाचे कृत्रिम कातडे मोठा गाजावाजा करून बाजारात आणले आणि १९७१ साली प्रचंड तोटा सोसून त्याचा नाद सोडला. तो जोडा लोकांनी नाकारला. त्या वेळी कातड्याचे व्यापारी निर्धास्त झाले. परंतु पुढच्या पन्नास वर्षांत रसायनशास्त्र जसे पुढे गेले तशी लोकांची आवडही पालटली. आज तरुणांच्या पायांत कापडाचे आणि प्लॅस्टिकचे खेळाचे बूट असतात. मोटारींच्या बैठकींना 'शाकाहारी' म्हणून मिरविणारे, परंतु वास्तविक खनिज तेलापासून बनविलेले आवरण असते. गाईचे कातडे टाळल्याचे पुण्य पदरी पाडून घेणाऱ्या ग्राहकाला, ते टाळलेले कातडे अमेरिकेत खड्ड्यात पुरले जाते आणि त्याच्या जागी वापरलेले प्लॅस्टिक शेकडो वर्षे कुजत नाही, हे कोणी सांगत नाही. त्यातच २०१८ पासून अमेरिका आणि चीन यांच्यात शुल्कयुद्ध पेटले. जगातील कातड्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक आणि सर्वांत मोठा विक्रेता एकमेकांशी भांडू लागल्यावर भावाला आधार उरला नाही.

येथवरची हकीकत व्यापाराची झाली. आमचा खरा प्रश्न पुढेच आहे. कातडे इतके स्वस्त झाले असेल तर जोडा स्वस्त का होत नाही? आणि जोडा महागच राहावयाचा असेल, तर मधला पैसा जातो कोठे?

जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी धाटणीच्या चपला मांडल्या आणि त्यांत कोल्हापूरचा नामोल्लेखही केला नाही. गदारोळ झाल्यावर या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे कंपनीने मान्य केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटक राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करारही केला. त्यानुसार दोन हजार जोड येथे बनवून जोडास सुमारे ८०० युरो या किमतीस विकण्याचे ठरले. करार झाला हे चांगलेच झाले. तथापि ८०० युरोंच्या जोड्यात कातड्याची किंमत किती आणि तो शिवणाऱ्याची मजुरी किती, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि बेळगावसह कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. सीमेवरून दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडत आहेत. परंतु चपलेचा वारसा दोघांचा आहे आणि चपला शिवणाऱ्याची उपेक्षाही दोघांनी सारखीच केली आहे.

कच्चा माल स्वस्तात द्यावयाचा आणि पक्का माल महाग घ्यावयाचा, हे आमच्या देशाचे जुने दुखणे आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी कलकत्त्याहून परदेशी जाणाऱ्या कच्च्या कातड्याच्या व्यापारावर जर्मन पेढ्यांचा ताबा होता. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, इंग्रज सरकारने कच्च्या कातड्यावर १५ टक्के निर्यातशुल्क बसविले. पण ब्रिटिश साम्राज्यातील देशांत माल गेल्यास त्यातला दोन-तृतीयांश परत देण्याची तजवीजही करून ठेवली. देशी कारखान्याला संरक्षण देण्यापेक्षा जर्मनांच्या हातचा माल इंग्लंडच्या हाती द्यावा, हाच त्यातील डाव होता. १९३४ साली 'हरिजन' पत्रात गांधीजींनी लिहिले होते की, वर्षाला सुमारे नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते आणि त्यातील बरेचसे पक्क्या मालाच्या रूपाने परत येते. या व्यवहारात केवळ पैसा जात नाही, बुद्धीचीही हानी होते, असे त्यांचे म्हणणे होते. कटकचे मधुसूदन दास यांनी १९०५ साली उत्कल टॅनरी उभारली आणि वकिली करणाऱ्या या गृहस्थाने स्वतः कातडे कमावण्याची विद्या आत्मसात केली. स्वदेशीचा अर्थ त्या पिढीला असा कळला होता.

स्वातंत्र्यानंतर आमच्या शासनाने या बाबतीत एक धोरण धीटपणे आखले, हे मान्य केले पाहिजे. १९७२ साली सीतारामय्या समितीने शिफारस केली आणि १९७३ पासून कच्च्या कातड्याची निर्यात बंद होऊन अर्धवट कमावलेल्या कातड्यावर मर्यादा आली. व्यापाऱ्यांनी ओरड केली. पण अंबूर, वाणियंबाडी, कानपूर, कलकत्ता येथे पक्का माल बनविणारे कारखाने उभे राहिले आणि कच्च्या कातड्याऐवजी जोडे, पिशव्या परदेशी जाऊ लागल्या. याच धोरणाचा धागा पुढे जबर निर्यातशुल्काच्या रूपाने चालू राहिला. २०२५ च्या अर्थसंकल्पात मात्र 'वेट ब्लू' या अर्धवट कमावलेल्या कातड्यावरील आयातशुल्क पूर्णपणे काढून टाकण्यात आले आणि 'क्रस्ट' कातड्यावरील २० टक्के निर्यातशुल्कही रद्द झाले. पादत्राणांच्या धंद्यात २२ लाख लोकांना काम मिळेल, असे उद्दिष्ट त्याच वेळी सांगण्यात आले.

या निर्णयाने निर्यातीच्या मोठ्या कारखान्यांना स्वस्त माल मिळेल, हे खरे. आम्ही त्याला विरोध करीत नाही. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लादले, तेव्हा केवळ परदेशी गिऱ्हाइकावर विसंबून राहण्यात किती धोका आहे हे अंबूरच्या कामगारांना कळून चुकले. दुसरे असे की, 'वेट ब्लू' म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेले निळसर कातडे. खऱ्या कोल्हापुरी चपलेला ते चालत नाही. तिला बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात काही आठवडे मुरवलेले कातडे लागते. तेव्हा जगात कातडे कितीही स्वस्त झाले आणि सरकारने बंदराचे दरवाजे कितीही उघडले, तरी निपाणीच्या कारागिराच्या दारी त्यातले काही येणार नाही. उलट परदेशी स्वस्त मालापुढे खेड्यात निघणाऱ्या कातड्याचा भाव आणखी पडेल आणि ते सोलून, मीठ लावून गोळा करण्याचे कोणाला कारण उरणार नाही.

आणि येथेच आम्ही आमच्या वाचकांसमोर एक अवघड प्रश्न ठेवू इच्छितो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गाईबैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी-रेडे आहेत. गोव्यात गोवधबंदीचा कायदा १९७८ पासून आहे. महाराष्ट्रात २०१५ साली बैल आणि वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. या कायद्यांची चर्चा आज पुन्हा उकरून काढण्याचा आमचा उद्देश नाही. गाईविषयी समाजाच्या मनात जो पूज्यभाव आहे त्याचाच हा परिणाम होय. परंतु कोणताही कायदा गुराला अमर करीत नाही. गाय म्हातारी होते, गोठ्यात किंवा रस्त्याच्या कडेला मरते. त्यानंतर तिचे काय होते, याचा विचार आपण करतो काय? उन्हाळ्याच्या दिवसांत मेलेल्या जनावराचे कातडे काही तासांतच नासू लागते. वेळेवर सोलले आणि त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे मीठ चोळले तरच ते टिकते. एरवी ते मातीमोल होते. बैलाचे कातडे जवळपास मिळेनासे झाल्याने कोल्हापूरच्या कारागिराला चेन्नईच्या बाजाराकडे तोंड वेसावे लागते, आणि त्याच्याच आसमंतातील खेड्यांत मेलेल्या गुरांचे कातडे मातीत जाते.

असे का व्हावे? कारण ते सोलावयास आता कोणी धजत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये हरियाणातील झज्जर जिल्ह्यात दुलिना येथे कातड्याच्या कामात असलेल्या पाच दलितांना जमावाने ठार मारले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून झोडपण्यात आले. त्यानंतर तेथील दलितांनी मेलेली गुरे उचलण्याचेच नाकारले आणि सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे ती आणून टाकली. गोभक्तीच्या नावाखाली हात उगारणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी ते कलेवर उचलावयास पुढे आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमच्या देवळांत पखवाज घुमतो, शिगम्याला ढोल-ताशे निनादतात, घुमटावर थाप पडते. त्या कातड्याचा विटाळ देवाला होत नाही. मग ते कातडे ज्याने सोलले, धुतले, ताणले, त्याचाच विटाळ आम्हांला का व्हावा?

या बाबतीत दोन थोर पुरुषांनी दोन वाटा दाखविल्या होत्या. गांधीजींनी मृत गुराच्या कातड्याचा उद्योग खेड्यात शास्त्रीय पद्धतीने चालावा असा आग्रह धरला आणि वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालविले गेले. डॉ. आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत मृत मांस सोडण्याची हाक आपल्या बांधवांना दिली आणि मेलेली गुरे ओढण्याच्या कामालाही त्यांचा विरोध होता. ज्या कामाने पोटही भरत नाही आणि मानही मिळत नाही, ते एका जातीनेच का करावे, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. आज वरवर पाहता या दोन वाटा परस्परविरुद्ध भासतात. आम्हांस तसे वाटत नाही. काम चांगले आहे, संपत्ती वाचविणारे आहे, हे गांधीजींचे म्हणणे खरे. आणि ते काम जन्माने कोणाच्या गळ्यात बांधता कामा नये, हे आंबेडकरांचे म्हणणे त्याहूनही खरे. तेव्हा ते काम जातीच्या हातून काढून यंत्राच्या, पगाराच्या आणि प्रतिष्ठेच्या हाती देणे, हाच एक मार्ग उरतो.

शासनाने काय करावे हे सांगणे कठीण नाही. तालुक्यागणिक एक मृत पशु केंद्र असावे. कलेवर उचलण्यास यारी बसविलेली गाडी, सोलण्यास फरसबंद ओटा, भरपूर पाणी, मीठ आणि हातमोजे असावेत. तेथे काम करणारा नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा पगारी सेवक असावा, कोणत्याही जातीचा असावा, आणि त्याच्या खिशात शासनाचे ओळखपत्र असावे, म्हणजे रस्त्यावर गाडी अडविणाऱ्याला कायदा कोणाच्या बाजूचा आहे हे समजेल. त्याला मारहाण झाल्यास ती सरकारी नोकरावरील मारहाण मानली जावी. अशा केंद्रातील कातड्याला शासनाने किमान भाव बांधून द्यावा. भाताला आणि उसाला जो न्याय, तो कातड्याला का नसावा? किंबहुना ज्या मालाचा पुरवठा त्याच्या भावावर अवलंबूनच नाही, त्याला अशा आधाराची गरज अधिक आहे. मद्रासमध्ये १९४८ पासून मध्यवर्ती चर्मसंशोधन संस्था काम करीत आहे. तिचे ज्ञान निपाणी-अथणीच्या हौदापर्यंत पोहोचले पाहिजे. सांडपाण्याची व्यवस्था आधी व्हावी आणि कारखाना मागाहून निघावा, हेही आम्ही आग्रहाने सांगू. वेल्लोरकडील टॅनऱ्यांनी पालार नदीचे जे केले, त्याची दखल सर्वोच्च न्यायालयाला १९९६ साली घ्यावी लागली होती. आमच्या नद्यांवर तशी पाळी येऊ नये.

आणि समाजाने काय करावे? गोव्याच्या रस्त्यांवर मोकाट गुरे वाहनांखाली येऊन मरतात, हे दृश्य आम्ही सारे पाहतो. त्या वेळी आमच्यातील बहुतेक जण नाकाला रुमाल लावून पुढे जातात आणि कोणीतरी येऊन ते उचलील अशी अपेक्षा करतात. तो 'कोणीतरी' कोण, त्याचे नाव काय, त्याला किती पैसे मिळतात, याची चौकशी एकदा तरी करावी. गाईला जिवंतपणी जो मान देतो, त्याने ती मेल्यावर तिची सेवा करणाऱ्याला अपमान देऊ नये; एवढे साधले तरी पुष्कळ होईल.

शिकागोचा भाव उद्या चढेल, परवा पुन्हा पडेल. तो आमच्या हाती नाही. पण कातडे सोलणाऱ्या आणि जोडा शिवणाऱ्या माणसाचे मोल ठरविणे सर्वस्वी आमच्याच हाती आहे. ते ठरविण्यास आम्ही फार दिवस लावले आहेत. आणखी लावू नयेत.